आत्या बाहेर

अळ्यांचा आवाज मी केळ्यांपासून काढला. पिकून काळी पडलेली केळी घ्यायची, मुठीत धरायची आणि माइकसमोर हळूहळू पिळायची. बोटांच्या फटींतून पचपचीत लगदा बाहेर यायचा आणि मला स्वतःलाच ओकारी यायची. म्हणजे आवाज जमला, असं मी समजायचे. माझा गेम बघून माणसाला किळस यावी, हीच माझी इच्छा होती. देवाने ती जरा जास्तच मनावर घेतली.

गेम मी एकटीने केला. चित्रं, नियम, आवाज, सगळं. चांगली नोकरी सोडली आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत टेबल टाकून बसले. त्याच खोलीत कपडे धुण्याचं मशीन होतं, भिंतीला टेकवलेल्या जुन्या गाद्या होत्या, आणि मशीन सुरू झालं की टेबलासकट माझे दातही वाजायचे. म्हणून आत्या आधी दारात येऊन विचारायची, "लावू का गं मशीन? की जग बुडेल तुझं?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडील गेल्यावर मला आणि दादाला तिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणते, "या दोघांची नाकं पुसता पुसता राहून गेलं." तिचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. ती पाय ओढत चालते, पण घरात सगळ्यात आधी तीच उठते आणि सगळ्यात जास्त तीच हिंडते.

दादा माझ्यापेक्षा मोठा. विमा विकतो. माझ्या गेमला तो इतकी वर्षं 'तुझं ते किडेप्रकरण' म्हणायचा. पाहुण्यांसमोर तर फारच. "आमची धाकटी घरी बसून किडे मारते," असं म्हणून स्वतःच फिदीफिदी हसायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण घर त्याच्या पगारावर चाललं होतं, म्हणून दात-ओठ खाऊन गप्प बसायचे.

गेम असा होता. डोंगरावर एक छोटी वसाहत. दिवसा माणसं बाहेर कामाला जातात. गवंडी दगड फोडतो, पाणक्या ओढ्यावरून पाणी आणतो, लाकूडतोड्या लाकडं. मग जमीन फाटते आणि खालून अळ्या येतात, बैलाएवढ्या, पांढऱ्या, ओल्या. खेळणाऱ्याने घंटा वाजवायची, सगळ्यांना आत घ्यायचं, दार लावायचं आणि भिंतीवरून लढायचं. भिंत पडली की खेळ संपला. तोवर वसाहत जगवायची, वाढवायची, एवढंच.

यात रानातून औषधाचा पाला गोळा करणारी एक बाई हवी होती. ती मी आत्याला केलं. नाव दुसरं सुचेना, म्हणून गेममध्येही 'आत्या'च ठेवलं. तिची चाल हवी म्हणून तिला व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लावल्या आणि मी जमिनीवर पालथी पडून मोबाईलवर तिचे पाय टिपत राहिले. "मी कपडे तरी बदलते गं," ती म्हणाली. "फक्त पायच घेतेय," म्हटलं, तर म्हणे, "मग चपला बदलते." आणि खरंच चांगल्या चपला घालून आली.

आवाजही तिचाच घेतला. दार लागायच्या बेतात असलं आणि एखादा माणूस बाहेर राहिला असला, तर तो हाक मारतो. आत्याने काय म्हणावं, हा प्रश्नच नव्हता. कुठेही निघालो, गाडीत बसायचं असलं, की ती जिन्यातून ओरडते तेच, "थांबा रे, आलेच मी!" तिच्याकडून ते पुन्हापुन्हा म्हणून घेतलं. दर वेळी विचारायचे, "चालेल ना आत्या? जगभर ऐकतील हं. नंतर लाजशील." ती म्हणायची, "मी कशाला लाजू? गातेय थोडीच."

आता इथे एक गोष्ट सांगते, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. अळ्यांसाठी मी एक नियम लिहिला होता. त्यांना बाहेर एक जरी माणूस सापडला, तरी सगळी टोळी त्याच्याभोवती जमते, त्याला खाते, आणि पोट भरलं की जमिनीखाली परत जाते. खेळणाऱ्याला ते भिंतीवरून बघावं लागावं, त्याच्या पोटात गोळा यावा आणि पुढच्या वेळी त्याने घंटा वेळेवर वाजवावी, असा माझा हेतू. आणि या नियमात आत्या सापडली तर काय, हे लिहायची वेळ आली तेव्हा माझा हातच चालेना. बाकी कोणी मेला की मेला. आत्यासाठी मात्र मी वेगळी सोय केली. ती गेली तर पुढच्या हंगामात दुसरी आत्या डोंगर चढून येते, तसाच पाय ओढत. वसाहत आत्याविना राहायला नको, बस.

गेम तपासायला माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं. मीच बनवायचे, मीच खेळायचे, मीच चुका काढायचे. भिंती पडतात का, पाणी सांडतं का, अळी दगडात अडकते का, सगळं पाहिलं. पण खेळताना आत्या आत आल्याखेरीज मी दार लावलंच नाही. कधीच नाही. मुद्दाम नव्हे हो, हात आपोआप थांबायचा. इतर माणसं मी खुशाल मारली. आत्याला बाहेर ठेवून दार लावलं तर काय होतं, हे मी पाहिलंच नव्हतं.

गेम बाजारात आणायचा दिवस उजाडला. आत्या न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून माझ्या शेजारी खुर्चीवर येऊन बसली. बटण तिच्याकडूनच दाबून घेतलं. "झालं?" तिने विचारलं. झालं म्हटलं. "एवढंच?" म्हणाली, आणि औषधाच्या दुकानात, शेजारच्या बाईंकडे, तिची मैत्रीण शिंपीणकाकू आहे तिच्याकडे, सगळीकडे सांगून आली की मी एका गेममध्ये आहे, आमच्या धाकटीने घातलंय मला. औषधवाल्याने म्हणे तिला बसायला स्टूल दिलं.

पुढे काही दिवस कुत्रं विचारेना. ज्या थोड्यांनी घेतला, त्यांतल्या एकाने लिहिलं, 'अवघड आहे.' दुसऱ्याने लिहिलं, 'किळसवाणा आहे.' मी दुसऱ्याचे मनातल्या मनात आभार मानले. दादा जेवताना म्हणाला, "मग, किडे मेले का?" आत्याने त्याच्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली.

आणि मग तो ओरड्या आला.

ओरड्या हे मी ठेवलेलं नाव. गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणारा माणूस. अंगाने आडवा, कानावर भले थोरले हेडफोन, आणि साधं 'नमस्कार' म्हणायचं तरी किंचाळून. लाखो लोक त्याला बघतात, का ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्याने माझा गेम लावला आणि घंटा वाजवली. सगळे आत आले. आत्या मागून येत होती. "थांबा रे, आलेच मी!" ती म्हणाली. ओरड्याला भाषा कळत नव्हती, पण सूर कळला. तो थांबला. कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. आणि दार लावलं.

अळ्या जमल्या. माझ्या केळ्यांचा आवाज आला. टोळी खाऊन परत गेली. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. पुढच्या हंगामात नवी आत्या पाय ओढत डोंगर चढून आली, आणि हा माणूस खुर्चीतून उठून नाचला. "परत येते ही! परत येते!" असं त्याच्या भाषेत ओरडत टाळ्या पिटल्या. मग प्रत्येक हल्ल्याला तेच. सगळे आत, आत्या बाहेर.

मी उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. एवढं सोपं? मी भिंती बांधायला शिकवत होते, पाणी साठवायला, धनुष्यं करायला, माणसं सांभाळायला. आणि या हरामखोरांना सापडलं काय, तर म्हातारी बाहेर ठेवली की काहीच करावं लागत नाही!

दोन-चार दिवसांत तो डाव सगळीकडे झाला. त्याला नावही पडलं, 'आत्या बाहेर'. ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नाही, ते वेडेवाकडे उच्चार करून म्हणायला लागले, आत्या बाहेर, आत्या बाहेर. आत्याच्या हाकेवर कोणी ढोलकी लावली, कोणी तिचा आवाज कार्टूनमधल्या खारीसारखा बारीक केला, कोणी ती हाक आली की दार धाडकन लावायच्या नुसत्या तुकड्यांचा व्हिडिओ केला. खाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे. एकाने लिहिलं होतं, 'मी तर तिला आधी जरा जवळ येऊ देतो, मगच लावतो. जास्त मजा येते.' हे वाचलं आणि मला अंघोळ करावीशी वाटली. जास्त मजा येते म्हणे! मेल्या, तुझ्या घरात कोणी म्हातारं माणूस नाही का रे?

आणि गेम खपायला लागला. तुफान खपला.

दादाचा नूर एका आठवड्यात पालटला. 'तुझं किडेप्रकरण'चं 'आमचा गेम' झालं. ऑफिसातून रजा घेऊन तो माझ्या खोलीत गाद्यांवर बसून राहायला लागला. मोबाईल चिमटीत धरून दर थोड्या वेळाने म्हणायचा, "वर गेला. अजून वर गेला."

मी म्हटलं, "दादा, ते काय करतायत तुला दिसतंय ना?"

"दिसतंय की. खेळतायत."

"आत्याला मारतायत."

"अगं, आत्याला कसले मारतायत, ती आत बसून गवारी निवडतेय." तो हसला. "ठिपके आहेत ते. तूच केलेत. चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. आणि उगाच तोंड वाकडं करू नकोस, इतकी वर्षं याचीच तर वाट बघत होतीस."

आणि खरं सांगायचं तर आकडा वर गेला की माझ्याही छातीत काहीतरी उडी मारायचं. व्हिडिओ बघून तोंडात कडू पाणी यायचं, आणि तोंड पुसून मी पुन्हा आकडा बघायचे. त्या दिवसांत मला जेवण नीट गेलं नाही. केळ्यांचा तर वासही सहन होईना.

मग एका दुपारी मी आत्याला दवाखान्यातून घेऊन येत होते. मी टॅक्सीवाल्याचे पैसे देत मागे थांबले. ती काठी टेकत पुढे गेली. लिफ्टमध्ये आमच्याच इमारतीतले दोघे जण उभे होते, वरच्या मजल्यावरचे, टायबिय लावलेले, चांगले केस पिकायला लागलेले. मी पैसे देऊन येत होते तोच दार मिटायला लागलं, तशी आत्या आपल्या सवयीने म्हणाली, "थांबा रे, आलेच मी!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या तोंडून फुस्सकन हसू फुटलं. दुसऱ्याने बारीक आवाज काढून तेच वाक्य परत म्हटलं, आणि आतलं बटण दाबलं. दार मिटलं. आत्याचा हात पुढे आलेला तसाच राहिला. आतून दोघांचं खिदळणं वर वर जाताना ऐकू येत होतं.

ही तीच आत्या आहे, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हणजे त्यांना कोणतीही म्हातारी चालली असती.

"कसला विनोद झाला गं?" आत्याने मला विचारलं.

"टवाळ आहेत. सोड."

"माझं काही सांडलंय का? मागे काही लागलंय?" तिने वळून स्वतःचे कपडे पाहिले. शी! ते दोघे त्या क्षणी हाताशी लागले असते, तर मी त्यांना त्यांच्या टायनेच बांधून बडवलं असतं.

संध्याकाळी जेवताना तिने तो किस्सा काढला. मी विषय बदलणार, एवढ्यात दादाच्या जिभेला हाड कुठलं! "अगं आत्या, तू जगप्रसिद्ध झालीयेस!" असं म्हणून त्याने कौतुकाने ओरड्याचा व्हिडिओ लावून मोबाईल तिच्या ताटाशेजारी ठेवला. मी हिसकावून घ्यायला गेले, तर आत्याने हाताने थांबवलं. तिने सगळं पाहिलं. स्वतःची हाक ऐकली, दार लागलेलं पाहिलं, अळ्या पाहिल्या, ओरड्याचा नाच पाहिला. मग ताटातलं संपवलं, ताट उचललं आणि मोरीत ठेवून तिच्या खोलीत गेली. एक शब्द बोलली नाही. पुढचे काही दिवसही नाही, म्हणजे मीठ दे, दार लोटून घे, एवढंच. मशीन लावण्याआधी विचारणंही बंद झालं.

तिच्या त्या गप्प बसण्याने माझं डोकंच फिरलं. दादाला न विचारता मी गेममध्ये बदल केला. आता आत्या आत आल्याशिवाय दार लागणारच नाही. काय करायचं ते करा. अपडेट सोडला आणि हुश्श करून बसले.

दुसऱ्याच दिवशी ओरड्याचा नवा व्हिडिओ. घंटा वाजली, आत्या मागे राहिली, दार लागेना. ओरड्याने कॅमेऱ्यासमोर मोठ्ठं तोंड पाडलं. मग बोट वर करून 'थांबा हं' केलं, भिंतीवरच्या तिरंदाजांवर गेला, आणि त्यांना आत्यावर नेम धरायला लावला. बैल उधळला तर मारता यावा म्हणून तिरंदाजांना आतल्या-बाहेरच्या कोणावरही बाण सोडायची मुभा मीच देऊन ठेवली होती. तिच्याच माणसांनी तिला उंबऱ्यापाशी पाडलं. दार लागलं. अळ्या आल्या, खाऊन गेल्या. खाली हजारो पिवळे चेहरे. 'हे तर आधीपेक्षा भारी!'

मी स्क्रीनवर हातातला चहा फेकणार होते. फेकला नाही, कारण स्क्रीन माझीच होती.

काय माणसं आहेत ही! मारायला मी त्यांना एवढ्या अळ्या दिल्या होत्या, फुगलेल्या, लाळ गाळणाऱ्या, फुटल्या की पू उडणाऱ्या. महिनोन् महिने खपून एकेक अळी घाण केली होती. ती घाण सोडून यांना ती एक लंगडी बाईच बरी सापडली. मला त्या सगळ्यांची, त्यांच्या हेडफोनची, त्यांच्या खाऊन तेलकट झालेल्या बोटांची, त्यांच्या खिदळण्याची शिसारी आली. माझी आत्या यांच्या हातात आता एक क्षणही ठेवायची नाही, असं मी ठरवलं, आणि बसल्या बैठकीला तिला गेममधून काढून टाकलं. चाल, आवाज, नाव, सगळं. पाला गोळा करायचं काम लाकूडतोड्याला दिलं. परत येणारी आत्या बंद. अपडेट गेला तेव्हा मशीनमध्ये कपडे घुसळत होते आणि टेबल थडथडत होतं.

दादा आरडाओरडा करत आला. "वेड लागलंय का तुला? सोन्यासारखं चाललेलं स्वतःच्या हाताने…!" मी म्हटलं, "तू चूप. तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला." तो चूप बसला, कारण तोवर घर त्याच्या पगारावर चालेनासं झालं होतं.

आणि गंमत म्हणजे, फारसं काही बिघडलंच नाही. लोकांनी दोन दिवस शिव्या घातल्या, आमची आत्या परत द्या म्हणून बोंब मारली, आणि मग नवीन काहीतरी आलं तिकडे वळले. जे राहिले त्यांतल्या एकाने लिहिलं, 'आता खेळ जास्त सुटसुटीत झालाय. कोणासाठी थांबावं लागत नाही.' वर कौतुकाचा अंगठा.

आठवड्याभराने आत्याची शिंपीणकाकू आमच्याकडे आली. मी काम करत होते, तोच दारात दोघी. आत्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं. "येऊ का गं? हिला दाखव ना तुझा गेम. कधीची म्हणतेय, तू त्यात कशी दिसतेस ते बघायचंय."

"आत्ता… आत्ता काम चाललंय आत्या."

"दोन मिनिटं गं. तिला परत दुकान उघडायचंय." तिने काकूंना खुर्ची दिली, हातात पाण्याचा पेला दिला आणि स्वतः टेबलाला धरून उभी राहिली.

सांगायला हवं होतं. दोघींच्या तोंडाकडे बघून सांगवेना. हात आपोआप चालले आणि गेम सुरू झाला. डोंगर दिसला, वसाहत दिसली.

"हा बघ, हा गवंडी," आत्या काकूंना समजावायला लागली. "हा पाण्याचा. आणि तिकडे वर झाडी आहे ना, तिथे मी असते. पाला खुडते. दिसेन आत्ता." तिने मान लांब करून पाहिलं. "झाडामागे असेन. आता घंटा होईल बघ, सगळे पळत सुटतील, आणि मी आपली सगळ्यांच्या मागून येईन. हसू नकोस हं."

"नाही गं, हसते कशाला," काकू म्हणाल्या.

घंटा झाली. गवंडी आला, पाणक्या आला, लाकूडतोड्या पाल्याची टोपली घेऊन आला. दार लागलं.

आत्या वाट बघत राहिली. मग माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाली, "अगं, मी राहिले ना बाहेर. दार उघड."

"तू नाहीयेस त्यात, आत्या," मी म्हटलं. "काढलंय तुला."

खोलीत नुसता केळ्यांचा पचपच आवाज येत राहिला. शिंपीणकाकू मोठ्या शहाण्या बाई. त्या म्हणाल्या, "रंग काय सुंदर आहेत हो. आणि डोंगर अगदी खरा वाटतो." मग दुकानाची आठवण काढून उठल्या. आत्या त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. निरोपाचं बोलणं नेहमीपेक्षा लवकर संपलं.

ती परत आली तेव्हा मी उभीच होते. "आत्या, तुझा अपमान करत होते ते. तुला आवडलं नाही, मला दिसत होतं. तू बोलेनाशी झालीस…"

"वाईट वाटलं होतं. वाटणार नाही? चार दिवस बोलावंसं वाटलं नाही. माणसाला तेवढीही सवड नाही का?" ती गाद्यांच्या कडेवर बसली. "त्या लिफ्टमधल्या दोघांना तर मी दुसऱ्या दिवशीच गाठलं. दारात काठी घातली आणि म्हटलं, आता हसा. खाली बघत उभे राहिले. आता रोज माझ्यासाठी दार धरतात."

"मला नाही सांगितलंस."

"तू विचारलंस कुठे?"

"मला त्यांची किळस आली गं. तुला त्यांच्या हातात ठेवायची नव्हती."

"ते परके होते. त्यांना मी कोण, कुठली, काय माहीत?" आत्या शांतपणे म्हणाली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "मला आत घालताना दहा वेळा विचारलंस. चालेल ना आत्या, लाजशील हं आत्या. काढताना एकदासुद्धा नाही. मी तिच्यासमोर मान लांब करून स्वतःला शोधतेय, आणि तू बघत बसलीस."

"परत घालते," मी खुर्ची ओढली. "आत्ता घालते. सगळं आहे माझ्याकडे, तुझी चाल, आवाज. आज संध्याकाळपर्यंत होईल."

"नको."

"आत्या, अगं ऐक तरी…"

"नको म्हटलं ना. एकदा काढलंस, पुन्हाही काढशील. काहीतरी चांगलं कारण असेलच तुझ्याकडे." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मला ते परत परत शोधणं नको."

तिने काकूंचा पेला उचलला आणि पाय ओढत स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला.

मी बसले. स्क्रीनवर अळ्या भिंतीशी लागल्या होत्या, आत सगळे सुखरूप होते, कोणी बाहेर राहिलेलं नव्हतं. मला ओरड्याची शिसारी आली होती, त्या टायवाल्यांची आली होती, दादाची तर रोजच येत होती. आता कीबोर्डवर ठेवलेल्या माझ्याच बोटांकडे बघून मला मळमळलं. त्या लोकांनी निदान दर हंगामात तिला परत येऊ दिलं होतं. मी गेम बंद केला आणि हात धुवायला उठले, तर स्वयंपाकघरातल्या नळाशी आत्या होती, म्हणून तशीच खोलीत थांबले.